यवतमाळ ते मुंबई, पळत (आणि परत): आमच्या गावातलं किलोमीटर चॅलेंज

बऱ्याच जणींनी मेसेज करून विचारलं की ते ग्रुपवालं पळायचं तुम्ही नेमकं कसं केलं, नियम काय होते, मध्येच बंद कसं नाही पडलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी काही धावपटू वगैरे नाही. दारव्ह्याकडच्या एका गावात माझं सेतू केंद्र आहे, दिवसभर खुर्ची आणि प्रिंटर. 2024 च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरायला अशी झुंबड होती की सकाळी शटर उघडलं की रात्रीच बंद, जेवण काउंटरवरच, आणि ते दोन महिने संपेपर्यंत कंबर, मान, वजन सगळ्याचीच वाट लागली होती.

दिवाळीच्या आधी दारव्ह्याला जाऊन रक्त तपासलं. एचबीएवनसी 6.2 निघालं. 450 रुपये घेतले लॅबवाल्याने. डॉक्टर म्हणाले 5.7 ते 6.4 म्हणजे काठावरची शुगर, गोळी आत्ता नको, पण रोज घाम निघाला पाहिजे, आणि तीन-चार महिन्यांनी परत तपासा, कारण ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, आठ दिवस साखर बंद करून हिला फसवता येत नाही. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "वावरात चाल ना मंग, घाम कायले विकत घेते?" मुद्दा बरोबर होता पण केंद्र सोडून वावरात कधी जाऊ.

आमच्या गावात पहाटे पळतात ती फक्त भरतीची पोरं-पोरी. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर असतं, 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत मारलं तर पूर्ण 20 मार्क, बाकी 100 मीटर आणि गोळाफेक मिळून मैदानी 50. त्यांचे फॉर्म मीच भरते त्यामुळं हे आकडे तोंडपाठ आहेत. त्यातल्या दोघी एकदा केंद्रात फोटो द्यायला आल्या आणि मी सहज बोलले की मलाही यायचंय गं तुमच्यासोबत, तर त्या हसल्या नाहीत. एक म्हणाली, "या ना ताई, आम्ही वॉर्मअप करतो तितकं तुम्ही पळा." वॉर्मअप दोन किलोमीटरचा होता!

दोघी-तिघींनी पळायचं तर दोन दिवसांत बारगळणार हे सगळ्यांनाच माहीत, म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. भरतीच्या दोन पोरी आणि एक पोरगा, शाळेतले सर, आशाताई (आशा वर्कर), माझी जाऊबाई, कृषी केंद्रवाला भाऊ आणि त्याची बायको, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर काकाजी, पुण्याला आयटीत असलेला माझा भाचा आणि मी. भाच्यानेच कल्पना काढली की सगळ्यांचे किलोमीटर जोडायचे आणि नकाशावर कुठंतरी जायचं. कुठं जायचं यावर दोन दिवस चर्चा. शेवटी काकाजी म्हणाले शकुंतला रेल्वेच्या लाईनीनं जाऊ. यवतमाळ ते मूर्तिजापूर, 113 किलोमीटर, नॅरोगेज, 1994 पर्यंत कोळशाचं इंजिन होतं. गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली, रुळांत बाभळी उगवल्यात, पण आमच्या पिढीच्या प्रत्येकाने कधी ना कधी तिच्यात बसून शेंगा खाल्लेल्या आहेत, त्यामुळं ते सगळ्यांना लगेच पटलं. मूर्तिजापूरला पोचलो की मोठी लाईन धरायची, अकोला, शेगाव, आणि जमलं तर मुंबई.

सोमवार 4 नोव्हेंबर 2024 ला सुरू. सोमवार ते रविवार आठवडा, रविवारी रात्री 8 पर्यंत आकडा ग्रुपवर टाकायचा, मी शीटमध्ये भरणार. शेवटी दोन टीम पाडून हरलेल्या टीमने सगळ्यांना वावरात रोडगे आणि वांग्याची भाजी करून घालायची.

पहिल्या आठवड्यात मी पळाले असं म्हणणं जरा जास्तच होईल. भरतीच्या पोरींनी सांगितलं तसं एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. पळताना बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसेल तर स्पीड जास्त आहे, एवढी एकच खूण सांगितली आणि ती आजही पुरते. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून, पायात पोराचे जुने पीटीचे बूट. रस्त्यावर दूध घालायला निघालेल्या एकाने गाडी हळू करून विचारलं, "काऊन वो वहिनी, कोन मांगं लागलं?" दुसऱ्या दिवशी परत तेच. आठवडाभर रोज कुणी ना कुणी विचारलं, मग त्यांचाच उत्साह संपला.

बूट यवतमाळला जाऊन घेतले, 2200 रुपये, रनिंगचेच, एक नंबर मोठे घ्या कारण पळताना पाय फुगतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. स्पोर्ट्स ब्रा घ्या बायांनो, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते, बुटांपेक्षा आधी ती घ्या. शिंप्याकडून सगळ्या सलवारींना चेनवाला खिसा लावून घेतला, फोनसाठी. आणि सायकलच्या दुकानातून रेडियमची पट्टी आणून कुडत्याच्या पाठीवर शिवून टाकली, कारण नोव्हेंबरमध्ये साडेपाचला आमच्याकडं काळोखच असतो आणि कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडं निघतात त्यांना मागचा लाईट नसतो. रस्त्याच्या उजव्या बाजूनं पळायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, थांबा, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा. रोही (नीलगाय) आडवी गेली तर जाऊ द्या, एक गेली की मागून दुसरी येतेच. रानडुक्कर दिसलं तर सरळ घरी. त्या दिवशीचे किलोमीटर गेले तर गेले.

काळोखावरून आठवलं. गावातले रस्त्यावरचे दिवे बरोबर पाचला बंद व्हायचे. आम्ही निघणार सव्वापाचला. 11 नोव्हेंबरला ग्रामपंचायतीत अर्ज दिला की हिवाळ्यापुरते दिवे सव्वासहापर्यंत चालू ठेवावेत, खाली सगळ्यांच्या सह्या, पोच घेतली, आवक नंबर टाकून घेतला. उत्तर आलं, आचारसंहिता चालू आहे. विधानसभेची होती, मतदान 20 ला. दिवे आणि आचारसंहितेचा संबंध काय हे विचारायच्या भानगडीत पडले नाही, रोज लोकांचे अर्ज भरते त्यामुळं मला माहीत आहे की कागद एका जागी बसला की त्याला धक्का मारण्यापेक्षा त्याच्या शेजारचा कागद हलवणं सोपं असतं. निकाल लागल्यावर परत गेले, या वेळी पोचची झेरॉक्स घेऊन, आणि स्विच कोण बंद करतो ते शोधलं. पाणी सोडणारा माणूसच जाता जाता दिवे बंद करायचा. त्याला ठराव-बिराव नको होता, कुणीतरी बोलावं एवढंच हवं होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून दिवे सव्वासहापर्यंत. अर्ज अजून प्रलंबितच असेल.

ॲपचं थोडं. बहुतेकांनी स्ट्राव्हा टाकलं, फुकटचं पुरतं. फोनचा बॅटरी सेव्हर बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की ॲप झोपतं आणि चार किलोमीटरचे दीड दिसतात. घरापासून सुरू केलं तर नकाशात घर दिसतं, सेटिंगमध्ये सुरुवात-शेवट लपवायची सोय आहे, पोरींना ते आधी करायला लावलं.

काकाजींकडे बटनाचा फोन. ते रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर मोजायचे आणि रविवारी नातवाच्या फोनवरून डायरीच्या पानाचा फोटो यायचा, तारीख, जाण्याचा दगड, येण्याचा दगड, खाली सही, एकदम एसटीच्या लॉगशीटसारखं. एकदा सर आणि काकाजी सोबत गेले तर सरांच्या फोनने 4.8 दाखवलं आणि काकाजींच्या डायरीत 5. सरांनी ग्रुपवर चार ओळी लिहिल्या की जीपीएस सॅटेलाईटवरून मोजतं वगैरे. काकाजींचा उलटा व्हॉइस मेसेज आला, "सर, मी तीस वर्सं या रोडवर गाडी चालवली. दगडाले बॅटरी लागत नाही." दगड मान्य करण्यात आला.

पहिले आठ-दहा दिवस मजा होती. पहिल्याच रविवारी आम्ही दारव्हा मोतीबाग स्टेशन ओलांडून कारंज्याच्या दिशेने निघालो होतो, दुसऱ्या आठवड्यात मूर्तिजापूर. मतदानाच्या आठवड्यात सर इलेक्शन ड्युटीवर, आशाताई बूथवर, कृषी केंद्रवाला प्रचारात, तेव्हा गाडी जरा अकोल्याच्या आउटरला उभी राहिली. पण खरी गडबड दुसरीकडेच होती. मी दर रविवारी यादी टाकायची, पहिल्या नंबरपासून शेवटपर्यंत. वर भरतीचा पोरगा आणि पुण्याचा भाचा, 35-40 किलोमीटर. खाली आम्ही बाया, 6, 5, 4. नोव्हेंबर संपत आला तसे खालचे आकडे यायचेच बंद झाले. पहिल्या दोघांची आपसात जुंपलेली आणि बाकी ग्रुप अंगठे दाखवतोय.

जाऊबाईने तर तोंडावरच सांगितलं. तेव्हा आमच्याकडं कापसाची वेचणी सुरू होती, मजूर मिळत नव्हते, ती सकाळी आठपासून वावरात. म्हणाली, "दिवसभर वटीत कापूस घेऊन ओळीओळीनं फिरते ते चालणं नाही काय? अन् त्या लेकरानं पुण्यात मशीनवर उभ्या उभ्या पळलं ते धरता?" ग्रुपवर नाही बोलली, स्वयंपाकघरात बोलली, पण मी ते जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं आणि त्या रात्री साडेदहापर्यंत जी चर्चा झाली तशी आमच्या ग्रामसभेत पण होत नाही. वेचणीचं चालणं धरा म्हणावं तर फोन घेऊन कापूस कोण वेचतो, आणि मग दूध काढायला गेलेलं धरा, पाणी भरलेलं धरा, त्याला अंत नाही. न धरावं तर वेचून आलेल्या बाईने परत पळायचं आणि तिचे 4 आणि खुर्चीवरून उठलेल्याचे 40 एकाच यादीत.

तोडगा भरतीच्या मोठ्या पोरीने काढला. तिच्या सरांनी तिला सांगितलेलं होतं की 800 मीटरवालीने 40 किलोमीटरच्या नादी लागू नये, तिचं ठरलेलं तेवढंच करावं. ती म्हणाली, मला तर जास्त पळायचंच नाही मग मी काय कायम खालीच का? प्रत्येकाने आपलं टार्गेट आपण सांगावं आणि त्यातलं किती झालं ते पाहावं.

2 डिसेंबरपासून तसं केलं. हाच नियम मला सगळ्यांत कामाचा वाटतो म्हणून नीट सांगते. रविवारी रात्री प्रत्येकाने पुढच्या आठवड्याचा आपला आकडा सांगायचा. वेचणी असेल तर जाऊबाई 4 सांगणार, कुणी हसायचं नाही. पुढच्या रविवारी त्याचे टक्के. 100 च्या वर मार्क नाहीत. म्हणजे 4 सांगून 4 केले तर 100, 40 सांगून 30 केले तर 75. जास्तीचे किलोमीटर आपल्या गाडीत जमा होतील, मुंबई जवळ येईल, पण तुमचा नंबर वर जाणार नाही. टार्गेट फार कमी सांगून लबाडी करू नये म्हणून मागच्या आठवड्यात जे केलं त्याच्या निम्म्यापेक्षा खाली जायचं नाही, आणि जोशात येऊन पाय मोडून घेऊ नये म्हणून एकदम दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त वाढवायचंही नाही. वेचणी, बाळंतपण, मयत, आजारपण आणि रात्रीची लाईन, एवढ्या पाच कारणांना या दोन्ही अटी माफ.

रात्रीची लाईन म्हणजे, शहरातल्यांसाठी सांगते, शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्रभर वावरात, अंगावर घोंगडी आणि हातात बॅटरी. तो सकाळी पळणार नाही, झोपणार. कृषी केंद्रवाल्या भाऊचं टार्गेट एक आठवडा 15 आणि एक आठवडा 3, असं सापशिडीसारखं चालायचं आणि तरी तो डिसेंबरमध्ये दोनदा पहिला आला.

यादी उलटीपालटी झाली. पहिल्याच आठवड्यात जाऊबाई 100, आशाताई 100, मी 90 आणि भाचा 62 टक्क्यांवर सगळ्यांत खाली. त्याने लिहिलं, "मामी हे चीटिंग आहे." जाऊबाईने त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ग्रुपमध्ये तिने स्वतःहून टाकलेलं ते पहिलंच काही.

भरतीच्या पोराच्या नडग्या दुखायला लागल्या होत्या, ते आम्हाला या नियमामुळेच कळलं, कारण तोपर्यंत तो भाच्याशी चढाओढीत दुखणं दाबून पळत होता. डांबरावरून उतरून कच्च्या धुऱ्यावर (बांधावर) पळायचं, आठवड्यात दोन दिवस सुट्टी, दुखत असेल तर बर्फ. पंधरा दिवसांत बरा झाला. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येत असेल तर मात्र डॉक्टर गाठा, ते हाडाला बारीक तडा गेल्याचं असू शकतं.

डिसेंबरची थंडी म्हणजे पहाटे उठणं हीच लढाई. मी आणि शेजारची भरतीची पोरगी, आमचा मिस कॉल ठरलेला होता. 5 वाजून 10 मिनिटांनी जी आधी उठेल तिने एक रिंग द्यायची, दुसरीने कट करायचा. कट केला नाही तर ती दारात येऊन कडी वाजवणार आणि कडी वाजली की सासूबाई उठणार, त्यामुळं मी कट करायचेच. डोक्याला स्कार्फ, हातात मोजे, पहिलं किलोमीटर रडत, मग बरं वाटतं. हे "मग बरं वाटतं" रोज विसरायला होतं हे मला अजून कळत नाही.

नव्या वर्षाच्या तोंडावर आमची गाडी मुंबईला लागली. भाच्याने सीएसएमटीचा फोटो टाकला, काकाजींनी विचारलं परतीचं काय, म्हणून आम्ही परत निघालो.

जानेवारीत मी ढेपाळले. शेतकऱ्यांच्या फार्मर आयडीची नोंदणी जोरात, सर्व्हर दिवसा चालेना, रात्री अकराला ओटीपी यायचे, लोक शाल पांघरून केंद्राच्या ओट्यावर बसलेले. सकाळी मिस कॉल यायचा आणि मी फोन उशीखाली घालायचे. टार्गेट निम्मं केलं, परत निम्मं केलं, 2 वर आलं. शीट मीच भरत होते त्यामुळं माझाच आकडा मलाच टाइप करावा लागायचा, आणि एका रविवारी वाटलं की आता बास, उद्या ग्रुपवर सांगून टाकू. त्याच रात्री जाऊबाई ताट वाढता वाढता म्हणाली, "उद्या मी येतो तुह्यासंगं. वेचणी सरली आता." ती तोपर्यंत कधी रस्त्यावर आली नव्हती, वावराच्या धुऱ्यानेच करायची, लोक पाहतात म्हणून. मग सकाळी दोघी निघालो, ती नऊवारीचा काष्टा घालून नाही हां, माझीच जुनी ट्रॅकपँट आणि वर लांब कुडता, आणि माझ्यापेक्षा पुढं. दिवसभर वावरात राहणाऱ्या बाईचा दम वेगळाच असतो. मागून ओरडून सांगावं लागलं, हळू, बोलता आलं पाहिजे. तर ती म्हणते, "मी बोलूनच राह्यली ना, तूच चूप हायस!"

संक्रांतीच्या वाणात त्या वर्षी आम्ही दोघींनी रेडियमच्या पट्ट्या वाटल्या. 10 रुपयांना एक पडली. निम्म्या बायांनी त्या पोरांच्या सायकलींना लावल्या, तरी चार जणी फेब्रुवारीत सकाळी चालायला दिसू लागल्या. ग्रुपमध्ये नाही आल्या, नकोच म्हणाल्या, तेही ठीक.

फेब्रुवारी सुरळीत गेला. महाशिवरात्रीच्या आसपास आमची गाडी परत लाडखेड, लासिना करत यवतमाळात आली, आणि रविवारी 2 मार्चला चॅलेंज संपलं. एकदाही न थांबता माझे पहिले पाच किलोमीटर त्याच आठवड्यात झाले, 43 मिनिटं लागली. 4 तारखेला परत रक्त तपासलं, 5.8. डॉक्टर म्हणाले चालू ठेवा. परत 450.

खर्चाचा हिशेब कुणी विचारेल म्हणून: बूट 2200, आतले कपडे 900, खिसे-पट्ट्या 200 च्या आत, दोन वेळा लॅब 900. ग्रुप फुकट.

टक्क्यांच्या हिशेबात आमची टीम हरली, भाच्यामुळेच, पुण्यात त्याच्या ऑफिसात काहीतरी रिलीज होतं म्हणे. 9 मार्चला वावरात गोवऱ्या पेटवून रोडगे केले, वांग्याची भाजी जाऊबाईने, वरण मी, तूप सासूबाईंनी स्वतःच्या हाताने वाढलं आणि काकाजींना विचारलं की मुंबई कशी आहे.

तिथंच पुढचं ठरलं. उन्हाळ्यात आमच्याकडं 44-45 जातं, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये साडेसहाच्या आत घरी, निघण्याआधी आणि आल्यावर मीठ-साखर-लिंबू पाणी, आणि सगळ्यांचं टार्गेट आपोआप निम्मं. शीट कुणाला हवी असेल तर सांगा, फॉर्म्युला टाकलेला आहे, फक्त नावं बदला. जाऊबाईने 12 टाकलेत, मी 10. काकाजींचा आकडा मात्र अजून आलेला नाही. रस्ता रुंद करायचं काम निघालंय त्यात त्यांचा एक दगड कुणीतरी उपटून नेला, तो सापडेपर्यंत आपण काही सांगणार नाही म्हणतात, आणि मी त्यांच्यासाठी अर्ज टाइप करून द्यावा असं त्यांचं म्हणणं आहे.